उन्हाळ्यात दुपारचे फोटो पांढरेफटक येतात, नवीन लेन्स घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नवीन मिररलेस कॅमेरा घेतलाय (एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवाला), सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी) आणि ५० एमएम एफ १.८ आहे, उन्हाळा आत्ताच लागलाय, घरच्यांबरोबर आठवडाभर फिरायला जायचंय, आणि आत्तापर्यंत बाहेर जे काही काढलं त्यात आकाश पांढरं, शर्ट पांढरे आणि चेहरे मात्र काळे, तर टेलिफोटो झूम (दूरचं जवळ आणणारी लेन्स) घेतली तर फरक पडेल का. नाही पडणार. आत्ता तरी पैसे ठेवा खिशात. तुमची अडचण लेन्सची नाहीये, सूर्य कुठे आहे आणि तुम्ही कुठे उभे आहात याची आहे, आणि ती फुकटात सुटते.

आधी तो पांढरेपणा बघू कारण त्याचं एक कारण तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही लिहिलंय की ५० एमएम कायम एफ १.८ वर, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं ठेवता, बॅकग्राउंड ब्लर छान येतो म्हणून. आता हिशोब बघा. फोटोग्राफीत एक जुना नियम आहे, सनी सिक्स्टीन म्हणतात त्याला, म्हणजे स्वच्छ कडक उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवलं (आकडा मोठा म्हणजे भोक लहान) तर शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते, आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतकं, आयएसओ १०० तर १/१०० सेकंद. एफ १६ वरून ११, ८, ५.६, ४, २.८ असं एकेक स्टॉप उघडत गेलं की दरवेळी दुप्पट प्रकाश आत येतो म्हणून शटर निम्मं करावं लागतं, म्हणजे २.८ ला १/३२०० आणि १.८ ला जवळपास १/८०००. बऱ्याच सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला संपतं. म्हणजे कॅमेरा बिचारा जितकं जोरात जाता येईल तितकं जातो, तरी एक स्टॉप प्रकाश जास्तीचा आत येतोच आणि फोटो धुतल्यासारखा दिसतो. स्क्रीनवर शटरचा आकडा लुकलुकत असतो तेव्हा तो हेच सांगत असतो, पण उन्हात स्क्रीनच नीट दिसत नाही त्यामुळे लक्ष जात नाही. उपाय सोपा, उन्हात एफ ५.६ किंवा ८ ला या, आयएसओ १०० ला फिक्स करा (ऑटोवर ठेवलं तर कधी कधी ते २०० च्या खाली येतच नाही), आणि एफ १.८ संध्याकाळसाठी आणि घरातल्यासाठी राखून ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर त्याने १/८००० च्या पुढे जाता येतं पण हलत्या गोष्टी वाकड्या येऊ शकतात हे लक्षात असू द्या.

सनी सिक्स्टीन मी अजूनही वापरतो, कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर असूनही, कारण ऊन हे ऊनच असतं, ते तासातासाला फारसं बदलत नाही, बदलतं ते तुम्ही कॅमेरा कशावर रोखलाय ते. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा १९४१ चा न्यू मेक्सिकोमधला हर्नांडेझ गावावरचा चंद्राचा फोटो प्रसिद्ध आहे, तेव्हा त्याला मीटर सापडेना आणि उजेड तर चालला होता, पण चंद्राची प्रकाशमानता त्याला पाठ होती, त्यावरून त्याने एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा ते, काढलं. चंद्रावर पडतं तेही ऊनच. तर असा एक आकडा डोक्यात पक्का असला की मीटर फसला तरी तुम्ही फसत नाही.

आणि मीटर फसतो हे खरंय. तो समोर जे दिसेल ते सरासरी राखाडी धरून चालतो. पांढरी भिंत मोठी आली तर फोटो अंधारा, काळं दार मोठं आलं तर फोटो फिका. म्हणून उन्हात मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायची सेटिंग) सुरुवातीलाच उणे ०.७ ला नेऊन ठेवतो आणि हायलाइट वॉर्निंग (पूर्ण पांढरे झालेले भाग दाखवते, काही कॅमेऱ्यांत झेब्रा) चालू ठेवतो. जो भाग पूर्ण पांढरा झाला तिथे सेन्सरकडे काही माहितीच उरत नाही, ती नंतर कुठल्याच ॲपने परत येत नाही, अंधारा भाग मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) बराच वर काढता येतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, रॉ १४ बिट असेल तर सोळा हजारांवर, फरक तिथे पडतो. फोनवर काढत असाल तर स्क्रीनवर चेहऱ्याजवळच्या सगळ्यात उजळ जागेवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग बोट खाली ओढून थोडा अंधार करा. एवढ्यानेच निम्मे फोटो वाचतात.

आता काळे चेहरे. हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि इथे सेटिंग काही करू शकत नाही.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची वरची बाजू एवढंच उजळतं, डोळे भुवयांच्या सावलीत जातात आणि नाकाखाली एक काळा डाग पडतो. कुठलाही चेहरा त्यात थकलेला दिसतो. सूर्य किती वर आहे हे बघायला ॲप लागत नाही, जमिनीवर स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीइतकी असेल तर सूर्य बरोब्बर ४५ अंशांवर आहे, त्यापेक्षा आखूड झाली की उन्हात चेहऱ्याचे फोटो काढणं मी थांबवतो, दुप्पट लांब असेल तर सूर्य साधारण २७ अंशांवर आलाय आणि तिथून पुढे उजेड मऊ आणि पिवळा होत जातो. उन्हाळ्यात ही आखूड सावलीची वेळ फार मोठी असते, सकाळी नऊ-साडेनऊपासून ते दुपारी तीन-साडेतीनपर्यंत सहज, आणि नेमका घरच्यांबरोबर बाहेर असण्याचा वेळही तोच, त्यामुळे ती टाळा असं सांगून भागत नाही.

तर त्या वेळात काय करायचं, तर सावलीत जायचं, पण सावलीत कुठे उभं राहायचं यातच सगळं आहे. सावलीच्या अगदी आत, खोल कोपऱ्यात नाही, कडेला. छप्पर, कमान, मोठं दार, गॅलरी, उभी असलेली बस, काहीही चालेल. माणसाला सावलीच्या रेषेच्या एक-दोन पावलं आत उभं करा, चेहरा बाहेरच्या उजेडाकडे, आणि तुम्ही त्या उजेडाच्या बाजूने फोटो काढा. आकाश आणि समोरची उन्हात तापलेली जमीन, दोन्ही मिळून त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकतात, जमिनीवरून येणारा उजेड खालून हनुवटी आणि डोळे भरून काढतो, आणि डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसायला लागतो. तो ठिपका दिसला की फोटोत जीव आला असं समजा. माणसामागचा सावलीतला भाग आपोआप अंधारा पडतो, म्हणजे बॅकग्राउंडची कटकटही जाते, मुद्दाम ब्लर करायची गरज राहत नाही.

जागा शोधायची एक पद्धत सांगतो, मी आजही करतो. हात समोर लांब करून मूठ वळा, अंगठा वर ठेवून, आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. मुठीवरच्या बोटांच्या सावल्या बघत राहा. एका दिशेला त्या कडक आणि काळ्या असतील, फिरता फिरता एका ठिकाणी त्या विरघळतील आणि मूठ सगळीकडून एकसारखी उजळ दिसेल. चेहरा त्याच दिशेला वळवायचा. लोकांना वाटतं काय करतोय हा, वाटू दे, दहा सेकंदाचं काम आहे.

झाडाखाली जरा जपून. पानांतून कवडसे पडतात ते डोळ्यांना छान वाटतात पण चेहऱ्यावर आले की एक गाल जळालेला आणि दुसरा काळा. एक तर पालवी दाट असेल अशा बाजूला सरका, नाहीतर कवडसे मागे आणि चेहरा अखंड सावलीत अशी जागा बघा. पानांमधून गाळून येणारा उजेड हिरवट असतो, त्वचा आजारी दिसते, आणि उघड्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड असतो म्हणून तिथे निळसर. व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) शेडवर (७००० केल्विनच्या आसपास) टाकला की निळेपणा जातो, हिरवेपणा मात्र तितका सहज जात नाही, म्हणून जागा बदललेली बरी. आणि हो, तुम्ही स्वतः पांढरा किंवा फिका शर्ट घाला, जवळून फोटो काढताना तुमचा शर्टच रिफ्लेक्टरचं काम करतो. गडद हिरवा किंवा लाल घातलात तर तो रंग समोरच्याच्या हनुवटीवर उतरतो, हे एकदा नीट बघा, नंतर विसरणार नाही.

सावलीच नसेल तर सूर्य माणसाच्या पाठीमागे घ्या. केसांना कडा येते, चेहरा सावलीत पण सगळीकडून एकसारखा, आणि मग एक्स्पोजर चेहऱ्याचं लावा, मागचं उजळ झालं तर होऊ दे. लेन्सला हुड लावा नाहीतर हाताने वरून आडोसा करा, नाहीतर सगळा फोटो धुरकट येतो.

आकाश पांढरं येतं त्याचं पण सांगतो. दोन कारणं असतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. एक म्हणजे एक्स्पोजर जास्त झालं, ते वर झालं बोलून. दुसरं म्हणजे आकाश खरंच पांढरट आहे, उन्हाळ्यात हवेत धूळ आणि धुरळा असतो, त्याने निळा रंग मरतो, आणि तिथे कुठलंही फिल्टर चमत्कार करत नाही, अशा दिवशी आकाश फ्रेममध्ये घेऊच नका, कॅमेरा खाली झुकवा. पण आकाश डोळ्याला निळं दिसतंय आणि फोटोत फिकं, तर पोलरायझर (लेन्ससमोर लावून फिरवायचं फिल्टर, एकाच दिशेत कंप पावणारा म्हणजे पोलराइझ झालेला उजेड अडवतं) कामाला येतो. काही घ्यायचंच असेल तर टेलिफोटोच्या आधी हे घ्या. आकाशाचा उजेड सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त पोलराइझ झालेला असतो, म्हणून तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ धरा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे जातो तिथे आकाश गडद होईल. सूर्य डोक्यावर असेल तर ही पट्टी क्षितिजालगत चारही बाजूंना असते, म्हणजे दुपारी पोलरायझर उलट चांगला चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पानांवरची पांढरी चकाकी त्याने जाते आणि हिरवा खरा दिसतो, पाण्यावरचं प्रतिबिंबही जातं, पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाच्या कोनातून बघितलं तर जवळजवळ पूर्ण. धातूवरची चकाकी जात नाही. बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, उन्हात त्याचं काही वाटत नाही. १८ एमएम ला मात्र आकाशात एक गडद ठिगळ दिसू शकतं, तेव्हा फिरवून अर्ध्यावर ठेवा. फोनवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवून बघावी, काम होतं.

एवढं सगळं सांगितलं तरी मला दुपार वाईट वाटत नाही. उलट भर दुपारच्या सावल्या मला फार आवडतात, फक्त तेव्हा विषय माणसाचा चेहरा नसतो, सावली हाच विषय. जिन्याच्या पायऱ्यांवर कठड्याच्या तिरप्या रेषा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून आरपार येणारा उजेड, पडद्याच्या फटीतून जमिनीवर आलेली एकच पट्टी आणि त्यात पाय टाकून झोपलेलं कुणी, पाण्याच्या ग्लासमधून टेबलावर पडलेला लखलखता आकार. हे सगळं मुक्कामाच्या खोलीत सापडतं, बाहेर जायचीही गरज नाही. एक्स्पोजर उजळ भागाचं लावा, बाकीचं काळं पडू द्या, आणि कॅमेऱ्यात मोनोक्रोम प्रिव्ह्यू चालू करून बघा, रॉ काढत असाल तर रंग फाइलमध्ये राहतातच. रंग गेले की डोळ्याला आकार दिसायला लागतात, शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली दुसरी गोष्ट माझ्या बघण्यात नाही. आठवडाभर रोज एकाच खिडकीचा फोटो वेगवेगळ्या वेळी काढा, उजेड कसा सरकतो ते समजेल, सूर्य तासाला १५ अंश फिरतो हे वाचून कळत नाही तितकं यातून कळतं.

सकाळ मात्र सोडू नका. गोल्डन अवर नावाला तास, पण तो प्रत्येक ठिकाणी तासभर नसतो. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्य सरळ वर चढतो, क्षितिजापासून सहा अंश यायला पंचवीस-तीस मिनिटं फक्त, तर ५० अक्षांशाच्या पुढे उन्हाळ्यात तो तिरका चढतो आणि तोच उजेड पाऊण तास, कधी जास्तही मिळतो. म्हणजे जिथे जाताय तिथल्या सूर्योदयाची वेळ बघून ठेवा आणि अर्धा तास आधीच जागेवर असा, उजेड आल्यावर जागा शोधायला लागलात तर संपला. पहाटे अजून एक फायदा, वारा पडलेला असतो आणि फुलपाखरं, चतुर असे कीटक गारव्यात सुस्त असतात, अंग तापल्याशिवाय त्यांना उडताच येत नाही, म्हणून जवळ जाऊ देतात. किट लेन्स ५५ ला, एफ ८, कॅमेरा कीटकाच्या डोळ्याच्या पातळीवर, आणि पंखांना समांतर, म्हणजे सगळा पंख फोकसमध्ये येतो. त्याला हलवू नका, फांदी तोडू नका, बस.

टेलिफोटो आत्ता नको म्हणालो त्याचं दुसरं कारण आता सांगतो. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम आणि वरची त्यामानाने गार, दोन्हींची घनता वेगळी, त्यातून प्रकाश वाकत वाकत येतो आणि दूरचं सगळं थरथरतं. लांबच्या लेन्सने दुपारी दूरचं काढलं तर फोटो मऊ येतो, फोकस नीट असला तरी, आणि लोक लेन्सला किंवा दुकानदाराला दोष देतात. हजारोंची लेन्सही तिथे काही करू शकत नाही. जवळ जाणं, नाहीतर सकाळी लवकर जाणं, एवढंच आहे.

उन्हात कॅमेऱ्याची काळजी, पटकन सांगतो पण यातली एक गोष्ट नीट वाचा. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर म्हणजे एका छोट्या स्क्रीनवर लावलेलं भिंग, कॅमेरा टेबलावर किंवा गळ्यात असा राहिला की आयपीस सूर्याकडे, तर तेच भिंग उलट्या बाजूने ऊन त्या स्क्रीनवर एकवटतं आणि कायमचे डाग पडतात. काही मिनिटांतसुद्धा. म्हणून कॅमेरा ठेवताना आयपीस खाली किंवा कापडाने झाकलेलं, आणि लेन्सला कॅप. लांब लेन्स सूर्यावर रोखून ठेवू नका, आणि स्क्रीनऐवजी काचेचा व्ह्यूफाइंडर असलेला (डीएसएलआरसारखा) कॅमेरा असेल तर त्यातून सूर्याकडे डोळाही लावू नका.

बंद गाडीत काहीच ठेवू नका, बाहेर ३० अंश असलं तरी तासाभरात आत पन्नाशी गाठते. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत चालवायचे असतात, आयफोनसाठी ॲपल ० ते ३५ सांगतं. फोन तापला तर आधी स्क्रीन मंद होते, फ्लॅश बंद पडतो, चार्जिंग थांबतं, तेव्हा कव्हर काढून सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये मुळीच नाही, आत दव धरतं. तसंच एसी खोलीतून दमट हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्स धुरकटते, झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि बाहेर वीस-पंचवीस मिनिटं तशीच राहू द्या, कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत लेन्स बदलू नका. सनस्क्रीन लावलेल्या हाताने लेन्सला हात लावू नका, फोनच्या लेन्सवर तर तोच थर असतो आणि लोक म्हणतात फोटो धुरकट येतो.

विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॅट-अवरपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर भरते, पण एअरलाइनचे स्वतःचे नियम एकदा बघून घ्या. बॅटरीच्या टोकांवर टेप किंवा मूळ कॅप.

शेवटी लेन्स. दिवसा १८-५५ लावून ठेवा, आणि शक्यतो २३ च्या आसपास, फुल फ्रेमच्या ३५ एमएम सारखी दिसते ती, माणूस आणि त्याची जागा दोन्ही येतात, आणि लांब उभं राहून काढण्याऐवजी तुम्हाला लोकांच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं, विचारावं लागतं. सूर्य मावळला की ५० लावा आणि एफ १.८ मनसोक्त वापरा. परत आल्यावर जे फोटो तुम्हाला खरंच आवडले त्यांची फोकल लेंग्थ (एमएमचा आकडा) बघा, प्रत्येक फाइलच्या माहितीत लिहिलेली असते. बरेचसे ५५ ला येऊन अडकलेले दिसले आणि तिथेही अजून जवळ जायला वाव नव्हता असं वाटलं, तर ५५-२०० किंवा तशी एखादी झूम घ्या. बरेचसे १८ ते ३५ मधले निघाले तर टेलिफोटो कपाटात पडून राहील, त्यापेक्षा एक बरी रुंद प्राइम (झूम न होणारी लेन्स) बघा, तेव्हा परत विचारा, मी सांगतो.